व्हॅलिनमुळे थांबलेली वाढ

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

मिनिमल मीडियममध्ये (फक्त क्षार आणि साखर असलेल्या माध्यमात) व्हॅलिन हे अमिनो आम्ल टाकल्यावर इ. कोलाय के-१२ हा जिवाणू वाढत नाही, याचं कारण वहीत नुसतं 'व्हॅलिन विषारी' असं लिहून सोडू नकोस. व्हॅलिन पेशीतलं काही मोडत नाही, ते तिला आयसोल्यूसिन या दुसऱ्या अमिनो आम्लासाठी उपाशी ठेवतं.

दोन्ही अमिनो आम्लं बनवायला एकच एन्झाइम लागतं: ॲसिटोहायड्रॉक्सी ॲसिड सिंथेस. इ. कोलायमध्ये त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला आणि तिसरा व्हॅलिन साठलं की बंद पडतात, दुसऱ्याला त्याने काही होत नाही. पण के-१२ मध्ये दुसऱ्याच्या जनुकात, आयएलव्हीजीमध्ये, फ्रेमशिफ्ट (वाचनाची चौकट सरकवणारा बदल) आहे, त्यामुळे तो कामाचा बनतच नाही. मग बाहेरून व्हॅलिन आलं की आयसोल्यूसिन संपतं, त्याचे टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून नेणारे रेणू) रिकामे राहतात, रेलए एन्झाइम पीपीजीपीपी हा उपासमारीचा इशारा देणारा रेणू तयार करतं आणि प्रथिनं बनवणारे नवे रायबोसोम बनणं थांबतं. साल्मोनेला एलटी-२ हा दुसरा जिवाणू मात्र व्हॅलिनला दाद देत नाही, कारण त्याच्या या एन्झाइमाचा दुसरा प्रकार शाबूत आहे.

प्रयोगासाठी एमजी-१६५५ हा के-१२ चा वाण घे. ०.४ टक्के ग्लुकोज घातलेल्या एम-९ या मिनिमल मीडियमच्या चार ट्यूब, प्रत्येकी ५ मिली: एक कोरी, एकीत व्हॅलिन, एकीत आयसोल्यूसिन, एकीत दोन्ही. एल-रूपाचंच अमिनो आम्ल वापर. १० मिग्रॅ प्रति मिली स्टॉकमधून २० मायक्रोलिटर टाकलंस की ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. सुरुवातीचा ओडी (गढूळपणाचं माप) ०.०२ ठेव, ३७ अंशांवर शेकरमध्ये लाव आणि दर अर्ध्या तासाने ६०० नॅनोमीटरवर वाचन घे.

घोळ होतो तो बहुतेक कल्चर धुण्यात. रात्रभर एलबी या सकस माध्यमात वाढवलेल्या पेशी थेट टाकल्या तर एलबीतलं आयसोल्यूसिन सोबत जातं आणि व्हॅलिनची ट्यूब सुरुवातीला खुशाल वाढते. पेलेट (तळाशी बसवलेल्या पेशी) ग्लुकोजविरहित एम-९ मध्ये दोनदा धू, प्रत्येक वेळी वरचं द्रव पूर्ण काढून टाक. दुसऱ्या दिवशी तीच ट्यूब गढूळ दिसली तर पेशींना 'सवय झाली' असं समजू नकोस. त्यातल्या वसाहती व्हॅलिनच्या प्लेटवर पुन्हा रेघोट्या मारून वाढव. तिथेही वाढल्या तर ते म्युटंट (जनुक बदललेल्या पेशी) आहेत. काहींत आयएलव्हीजीची चौकट परत जुळलेली सापडते.

आता खरी मेख. आयसोल्यूसिन दिल्यावर वाढ परत आली म्हणजे आयसोल्यूसिनच कमी होतं, असं दर वेळी नसतं. साल्मोनेलाचा रिडए हे एन्झाइम नसलेला म्युटंट ५ मिलिमोलर सिरीन या अमिनो आम्लावर वाढत नाही, आणि आयसोल्यूसिनने तोही सावरतो. तिथली भानगड निराळी आहे. आयएलव्हीए हे आयसोल्यूसिन बनवण्याच्या वाटेवरचं एन्झाइम सिरीनपासून २-अमिनोॲक्रिलेट हे घातक संयुग बनवतं. रिडए त्याचं झटपट पायरुव्हेट करून टाकतं; ते नसलं की त्या संयुगाचा साठा पायरिडॉक्सल फॉस्फेटवर (बी-६ जीवनसत्त्वाच्या रूपावर) चालणाऱ्या एन्झाइमांना निकामी करतो. आयसोल्यूसिन थेट आयएलव्हीएलाच आवरतं, म्हणून विष बनणंच कमी होतं. दोन्ही वेगळे ओळखायचे तर पेशी फोडून पायरिडॉक्सल फॉस्फेटवरच चालणाऱ्या आयएलव्हीई ट्रान्सअमिनेज या एन्झाइमाची क्रिया मोज: रिडए म्युटंटमध्ये ती घटलेली असते. मोजताना प्रथिनाचं प्रमाण सगळ्या नमुन्यांत सारखं ठेव, नाहीतर हा फरक कळणार नाही.

तुझी आई