‘अबँडन्ड’ हाच शब्द लिहा, असं सांगणाऱ्या कॅप्टन काकांना

आदरणीय कॅप्टन काका,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम उघड लिहिते आहे. दापोली-गुहागरपासून खाली जयगडपर्यंत ज्या ज्या घरातला मुलगा ‘जहाजावर आहे’, त्या घराला तुम्ही आम्हाला सांगितलेलं माहीत असायला हवं.

माझा धाकटा भाऊ ऑइलर म्हणून, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी म्हणून, जहाजावर चढला होता. परदेशातल्या एका बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं राहिलं आणि मालकाने फोन उचलणं बंद केलं. पगार थांबला, मग प्रोव्हिजन, म्हणजे खाण्यापिण्याचा साठा, संपत आलं, शेवटी जनरेटरपुरतंही डिझेल उरेना. एजंटचं एकच पालुपद, धीर धरा. घरात तोवर मदत मागणाऱ्या इंग्रजी मेलचे मसुदे फिरू लागले होते. एकात स्ट्रँडेड, दुसऱ्यात अड्रिफ्ट, पुण्याच्या मावसभावाच्या मसुद्यात मरून्ड, आणि ओळखीच्या वकिलांनी सुचवलेला डेरिलिक्ट. पोराला वाऱ्यावर सोडलंय, एवढंच सगळ्यांना म्हणायचं होतं.

तुम्ही ते सगळे कागद वाचलेत आणि आधी प्रश्न विचारलेत. जहाज तळाला टेकलंय का? नाही, तर स्ट्रँडेड नाही. नांगर धरून आहे ना? मग अड्रिफ्टही नाही. ते वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या मर्जीने वाहणाऱ्या जहाजाला म्हणतात. मरून्ड म्हणजे ओसाड किनाऱ्यावर उतरवून दिलेला माणूस, आणि तुम्ही अलेक्झांडर सेलकर्कची गोष्ट सांगितलीत. १७०४ मध्ये कप्तानाशी भांडून तो चिलीच्या बाजूच्या एका निर्जन बेटावर उतरला आणि १७०९ पर्यंत एकटा राहिला. आई त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हती, पण ही गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकली.

डेरिलिक्टवर मात्र तुम्ही जवळजवळ रागावलात. परत न येण्याच्या हेतूने माणसांनी सोडलेलं जहाज म्हणजे डेरिलिक्ट. डिसेंबर १८७२ मध्ये अटलांटिकमध्ये सापडलेल्या मेरी सेलेस्ट या जहाजावर एकही माणूस नव्हता. असं जहाज वाचवून आणणाऱ्याला बक्षीस मागता येतं. “आपली पोरं जहाजावर आहेत, त्यांची नोंद पुसू नका,” असं म्हणून तुम्ही तो शब्द स्वतःच्या पेनाने खोडलात.

आणि मग अबँडन्ड. मला तो शब्द नकोसा वाटत होता. आपला भाऊ टाकून दिलेला आहे, हे स्वतःच्या हाताने कसं लिहायचं? तुम्ही मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार उघडून दाखवलात. मालक घरी परतण्याचा खर्च करत नसेल, किंवा खलाशांना अन्नपाण्यावाचून, आधारावाचून ठेवलं असेल, किंवा त्याने एकतर्फी संबंध तोडले असतील, ज्यात किमान दोन महिन्यांचा थकलेला पगारही आला, तर त्या खलाशाला कायद्याने सोडून दिलेला मानतात. तिन्हींतलं एक पुरे. आमच्याकडे तिन्ही होती.

या शब्दामागे पैसा उभा आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. १८ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या या करारातल्या दुरुस्तीनुसार अशा वेळेसाठी मालकाला आधीच आर्थिक हमी घ्यावी लागते. तिच्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, घरी येण्याचा खर्च आणि तोवरचं अन्न, पाणी, इंधन, औषधपाणी भागतं. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. तुम्ही भावाला सांगितलंत, मेसबाहेरच्या फलकाचा फोटो पाठव. फोटो आला, त्यात विमा कंपनीचं नाव आणि पत्ता होता. त्या क्षणी आई पहिल्यांदा रडली.

मेल तुम्ही लिहिलात, सही मी केली. विमा कंपनी, जहाजाचा झेंडा ज्या देशाचा तिथलं खातं, मुंबईचं डीजी शिपिंग हे जहाजवाहतुकीचं सरकारी खातं आणि आयटीएफ ही वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना, सगळ्यांना एकच मजकूर: तारखा, उरलेलं पाणी, थकलेला पगार, आजारी माणसांची नावं. एकही विशेषण नाही. कुणालाही न कळवता जहाज सोडू नका, हेही तुम्ही पोरांना रोज बजावत राहिलात, कारण उतरल्यावर हक्क सांगणं अवघड होतं आणि त्यांचा धीर सुटत चालला होता.

आधी पाण्याची बोट आली. नंतर तिकिटं.

आयटीएफच्या नोंदीत २०२४ साली अशी ३१२ जहाजं होती, तीन हजारांवर खलाशी, आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या देशाचे. त्यांच्यातल्या किती घरांना असा शेजारी मिळाला असेल, हा विचार मला अजून झोपू देत नाही. तुम्ही निवृत्त आहात, गुडघे दुखतात, तरी परदेशातली ऑफिसं उघडण्याच्या वेळेला जागे राहायचात. पैशाचा विषय काढला तेव्हा काकूंनीच मला गप्प केलं. तुम्ही केलंत ते फेडता येण्यासारखं नाही आणि तसा आव मी आणणारही नाही.

चार महिन्यांपलीकडचा पगार अजून अडकलेला आहे, त्याचे कागद तुम्ही सांगितलेत तसे लावून ठेवले आहेत. भाऊ पुन्हा जाणार म्हणतो. आईचं मन तयार नाही, माझंही पुरतं नाही, पण त्याला दुसरं काम येत नाही आणि करायचंही नाही. नवा करार हातात आला की सही करायच्या आधी तो तुमच्याकडे घेऊन येईल. एजंटचा परवाना आणि त्या हमीचं पान तेवढं तुम्ही तपासून द्या.

आपली नम्र,
तुमच्या ऑइलरची ताई