कासवांच्या घरट्यांची राखण थांबू नये म्हणून मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावच्या कासव संवर्धन समितीतर्फे हे लिहितोय. थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, खास करून मुंबई-पुण्याला असलेल्या आपल्या चाकरमान्यांनी.

आपल्या पुळणीवर रात्रीचे फिरणारे जे दोन कासवमित्र आहेत त्यांना सीझन सुरू झाल्यापासून मानधनाचा एक रुपया मिळालेला नाही. वनखात्याच्या ऑफिसात तीनदा जाऊन आलो. तिथली माणसं वाईट नाहीत, चहा पाजतात, ऐकून घेतात, पण सांगतात तेच की यंदा वरूनच निधी कमी आलाय, आला की तुमचं पहिलं काढू. कधी येणार हे त्यांनाही माहीत नाही. हॅचरीसाठी, म्हणजे अंडी आणून पुरतो त्या कुंपणातल्या जागेसाठी, नवी जाळी पण नाही मिळाली, गेल्या वर्षीचीच फाटकी जाळी शिवून लावलीये.

हे यंदाचंच नाहीये हो. केंद्राची वन्यजीव अधिवास विकासाची एक योजना आहे, त्यातच धोक्यातल्या प्रजाती वाचवायचा कार्यक्रम येतो आणि त्या यादीत समुद्री कासवं आहेत. त्या योजनेतून २०१८-१९ ला साधारण १६५ कोटी दिले गेले, पुढच्या वर्षी १२४ कोटींच्या आसपास आणि २०२०-२१ ला ८७ कोटींच्या घरात, म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ निम्मे, आणि हे अख्ख्या देशासाठी. वाघाचं बजेटसुद्धा तेव्हा ३५० वरून ३०० आणि मग २५० कोटींवर आणलं होतं, वाघाची ही गत तर कासवाला कोण विचारतो. कोरोनाचा काळ होता हे मान्य. पण कासवीण काही त्या वर्षी यायची थांबली नव्हती. आणि सरकारने काहीच केलं नाही असं अजिबात म्हणायचं नाही मला, जाळ्यात सापडलेलं कासव जाळं कापून सोडलं तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई ही राज्याचीच योजना आहे आणि चांगली आहे. पण किनाऱ्यावर रात्रीचा जो माणूस लागतो, त्याच्यासाठीचे पैसे सगळ्यात आधी अडकतात, हा आमचा अनुभव आहे.

आता हा माणूस करतो काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कासव येतं, अंडी घालतं, पिल्लं होतात, त्यात राखण कसली.

कासवीण येते रात्री, बहुतेक भरतीच्या वेळेस. वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग उमटतो, तो माग सकाळी वारा आणि माणसांचे पाय पुसायच्या आत बघावा लागतो. माग जिथे वळतो तिथे बारीक काठी हळू टोचत जायचं, काठी एकदम सैल गेली की थांबायचं आणि मग हाताने वाळू काढायची. दीड फूट खाली गेल्यावर बोटाला पहिलं अंडं लागतं, पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पण मऊ, दाबलं तर खळगा पडतो. अशी शंभर-सव्वाशे असतात एका घरट्यात. एकेक काढायचं, फिरवायचं नाही, जसं आहे तसंच बादलीत त्याच वाळूवर ठेवायचं, आणि हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, तळाला सुरईसारखा फुगीर खड्डा करून परत तसंच लावायचं. आमचे मोठे दादा हे करतात तेव्हा कोपरापर्यंत हात खड्ड्यात असतो आणि एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्या वडलांच्या वेळेला हीच अंडी टोपलीने घरी यायची, विकायची पण, हे ते स्वतःच पाहुण्यांना सांगतात. त्या काळात तसंच होतं सगळ्या किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं आणि मग हळूहळू गावागावात हे वारं पोचलं.

पुढचे ४५ ते ६० दिवस हॅचरीवर लक्ष. वाळू किती तापते त्यावर नर होणार की मादी ते ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त, आणि फारच तापली तर पिल्लू आतच जातं, म्हणून मार्च लागला की वर शेडनेट बांधावं लागतं. घरट्यांवर पाट्या, पाट्यांवर तारखा, पिल्लं वर यायच्या दिवसांत तर सकाळ-संध्याकाळ चक्कर. हे सगळं करणाऱ्याला पैसे नाहीत. आत्ता आंब्याच्या फवारणीला गेलं तर संध्याकाळी रोख हजेरी हातात पडते. धाकटा कासवमित्र गेला फवारणीला, त्याच्या घरी लहान मूल आहे, त्याला कुठल्या तोंडाने थांब म्हणायचं?

तो गेल्यावर चार रात्री सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंतचा पट्टा कोणी फिरलंच नाही, दादा एकटे किती चालणार. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तर वाळू उकरलेली, सगळीकडे कुत्र्यांच्या पायाचे ठसे आणि ओल्या कागदासारखी फाटलेली टरफलं, पार पाण्यापर्यंत पसरलेली. मोजायला बसलो आणि सोडून दिलं. एक अंडं अर्धं वाळूत राहिलेलं होतं, उचललं तर खालून फुटलेलं.

गुहागरची गोष्ट पेपरात वाचली असेल तुम्ही, जानेवारी २०२५ मध्ये तिथे एक कासवीण अंडी घालायला आली, तिच्या परावर नंबराचा टॅग होता आणि तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला निघाला. पूर्व किनाऱ्यावरून पार आपल्या कोकणात! कोणीतरी रात्री तिथे हजर होतं म्हणून तो नंबर कळला, आपल्याकडे त्या चार रात्रींत कोण येऊन गेलं देव जाणे.

तर मागणं असं आहे. दोघांचं थकलेलं मानधन आणि मेअखेरपर्यंतचं पुढचं, एवढं आधी गोळा करायचंय. त्यानंतर जाळी, शेडनेट, बांबू, लाल उजेडाचे हेडलॅम्प आणि त्यांचे सेल. ज्याला जमेल तेवढं द्या, शंभर रुपये दिले तरी दोन रात्रींचा चहा आणि सेल निघतात. पैसे नको वाटले तर वस्तू द्या, वाडीतल्या दोघांनी बांबू दिलेतच. उद्या सरकारी मानधन आलंच तर ते कासवमित्रांना मिळेल आणि आपण आगाऊ दिलेली रक्कम समितीच्या खात्यात परत येऊन पुढच्या सीझनला राहील, हे दोघांशी बोलून ठरवलंय. आणि ऑफिसात आमचे अर्ज चालूच आहेत, ग्रामसभेचा ठरावही जोडलाय. तुमच्यापैकी कोणाची वर ओळख असेल तर तिथेही विषय काढा, वर्गणीवर दरवर्षी हे चालणार नाही.

पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नका. खात्याची माहिती ग्रामपंचायतीच्या बोर्डावर आणि देवळात लावलीये, लांब असाल तर घरच्या माणसाला फोटो काढून पाठवायला सांगा. पावती प्रत्येकाला मिळेल, हिशोब दर महिन्याला त्याच बोर्डावर लागेल.

शिमग्याला येणार असाल तर एक रात्र आमच्यासाठी काढा. पालखी घरी येऊन गेली की रात्री फेरीला माणसं कमीच पडतात, खाडीकडच्या पट्ट्याला दोघं तरी लागतात. पांढरा टॉर्च आणू नका, मोबाईलची लाईट पण लावायची नाही, उजेड दिसला की कासवीण अंडी न घालताच माघारी फिरते. लाल हेडलॅम्प आम्ही देऊ, चप्पल मात्र जाड घाला, सुरूची फळं पायाला फार टोचतात.