वाऱ्याला वाट

म्युनिक, रविवार

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं. मोटारसायकलला पुढे उंच काच बसवल्यापासून साताऱ्याच्या पुढे गाडी नव्वदला गेली की डोकं गदागदा हलतं, रात्री मान धरते, आणि दुकानदार म्हणतो, "सवय होईल." सवय होणार नाही रे, आणि तू करूनही घेऊ नकोस. दोष काचेचा आहे. मला तो इथली एक जुनी गाडी चालवल्यावर नीट उमगला.

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या एकानं त्याच्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसची किल्ली हातात दिली. १९७६ साली आलेलं हे मॉडेल. तोवर लांबच्या सफरी करणारे फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, बाहेरून आणून बसवायचे. विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, घडवलेलं पूर्ण फेअरिंग कंपनीकडूनच मिळू लागलं ते हिच्यापासून. हान्स मुथ या डिझायनरनं ते इटलीत, पिनिनफारिना या गाड्या डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या टनेलमध्ये घासूनपुसून सिद्ध केलं. वाऱ्याचा अडथळा किती घटला माहीत आहे? ५.४ टक्के. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं मलाही वाटलं होतं. पण वेगात वारा पुढचं चाक उचलू पाहतो, ते उचलणं १७.४ टक्क्यांनी कमी झालं. खरी कमाई तिथे आहे. एकशेचाळीसला हँडल असं शांत, की हात नुसते टेकवून ठेवावेत.

आणि काच बुटकी, पक्या! डोकं उघड्या वाऱ्यात. छातीवर वारा अलगद रेलतो, त्यामुळे पुढे वाकूनही मनगटांवर भार येत नाही. हेल्मेटवर येतो तो जोरात येतो, पण सरळ येतो. वाटेत पाऊस लागला. खांदे भिजले, गुडघे कोरडे राहिले. हँडलपुढच्या वेगाच्या घड्याळाच्या काचेवर एक थेंब नव्हता.

तुझ्याकडे उलटं झालंय. कृष्णेच्या पुलाच्या खांबामागे पाणी कसं गरगरतं, आठव. काचेच्या वरच्या काठावरून वारा सुटतो, मागे दाब कमी पडतो आणि भोवरे उठतात. ते नेमके तुझ्या हेल्मेटवर आपटतात.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर फूटरेस्टवर जरासा उठून बघ. डोकं शांत झालं तर काच कमी कर. खाली वाकल्यावर शांत झालं तर वाढव. घाईनं कापू मात्र नकोस. आधी खालच्या बोल्टांत वॉशर घालून दोन-अडीच सेंटीमीटर फट ठेव. खालून थोडा वारा आत आला की मागची पोकळी भरते, भोवरे मवाळ होतात. बीएमडब्ल्यूच्याच १९८३च्या के १०० आरएसला तर काचेच्या काठावर कोन बदलता येणारी पट्टीच दिली होती, ज्यानं त्यानं आपल्या उंचीप्रमाणे लावावी.

टॉप बॉक्समधलं, म्हणजे सीटमागच्या पेटीतलं, जड सामान आजच काढ. मागच्या चाकाच्याही मागे, इतक्या उंचावर वजन ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि वेगात गाडी डुलायला लागते. हत्यारं, पाण्याच्या बाटल्या बाजूच्या बॅगांत, तळाशी. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, म्हणून साठला न जाणवलेली चूक शंभरला अंगावर येते. तुझी मला खरंच काळजी वाटते.

वॉशर घातलेस की कऱ्हाडपर्यंत एक फेरी मार आणि काय फरक पडला ते लगेच कळव. काचेचा बाजूनं काढलेला फोटो पाठव, तू सीटवर बसलेला असताना. काठ तुझ्या नाकाच्या रेषेत येतो की हनुवटीच्या, ते मला बघायचंय.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
विन्या