पाळणाघरवाल्या काकूंना जाहीर आभारपत्र

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

लेक यंदा पहिलीत गेली. सहा महिन्यांची होती तेव्हापासून ती तुमच्याकडे आहे, म्हणून माझी ठाण्याची नोकरी टिकली. तोंडावर सांगायला गेलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठता, तेव्हा चारचौघांत लिहितेय.

रजा संपून लॅबमध्ये परत रुजू व्हायचं होतं आणि घरात सांभाळायला कुणीच नव्हतं. स्टेशनजवळच्या चकचकीत डे-केअरची फी माझ्या निम्म्या पगाराएवढी, वर सात वाजता दार बंद. बदलापूरहून ठाण्याला जाणाऱ्या बाईला सातची वेळ सांगणं ही थट्टाच. पावसाळ्यात लोकल रखडली की मला यायला नऊ वाजायचे. तुम्ही उशिराचे पैसे कधी लावले नाहीत. पोरगी वरणभात जेवून, वेणी घालून दारात उभी असायची, आणि तुमचं स्वतःचं जेवण राहिलेलं असायचं.

कायदा नाही असं नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आमच्या लॅबमध्ये वीस माणसंही नाहीत. दुकानं, दवाखाने, छोटी वर्कशॉपं, सगळीकडे हीच गत. धुणीभांडी करणाऱ्या बाईने तर कुठल्या मालकाकडे पाळणाघर मागायचं? अंगणवाडीच्या सेविकाताई जीव लावून शिकवतात, पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे बसता येत नाही आणि मोठं मूलही काही तासांत घरी. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. आमच्या वस्तीत ते अजून आलेलं नाही.

मागच्या गल्लीतल्या ताईंची मोठी मुलगी आठवते? धाकट्याला सांभाळायला शाळा बुडवून घरी बसायची. तुम्ही "जमेल ते द्या" म्हणून त्याला ठेवून घेतलंत आणि ती वर्गात परतली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, ती याच गोष्टीसाठी. कडेवर भावंड असलेली पोर शाळेत येणार कशी! तुम्ही हे कुठे वाचलं नव्हतंत. तुम्हाला ते दिसलं, एवढंच.

पण काकू, तुमचं पाळणाघर आम्हाला परवडलं ते कशामुळे, हेही बोलायला हवं. खोली तुमची, गॅस तुमचा, कंबरदुखीही तुमचीच. आजारपणाची रजा नाही, पेन्शन नाही. सरकारने आणि आमच्या मालकांनी उचलायचा खर्च इतकी वर्षं तुमच्या अंगावर पडला आणि आम्ही सगळ्या "काकू किती कमी घेतात" म्हणून खूश. नगरपालिकेला द्यायच्या अर्जात आम्ही हेच लिहिलंय: वस्तीत पूर्ण वेळ पाळणाघर हवं, आणि तिथल्या बाईला रीतसर पगार हवा. अर्जावर तुमचीही सही लागेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर पुढच्या महिन्यापासून आम्ही नोकरीवाल्या फी वाढवून देणार आहोत. ताईंची फी आहे तेवढीच राहील, तिचा फरक आम्ही आपसात वाटून घेतलाय. रविवारी पाळणाघर बंदच असतं, त्या दिवशी हिशेबाची वही घेऊन येते. नको म्हणू नका.

तुमची,
लॅबवाली