डॅन्यूबवरून आल्यावर शैलाला पत्र

कोथरूड, पुणे
5 ऑक्टोबर 2025

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मध्येच तोडतेस आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून सरळ लिहायला बसले. आम्ही सुखरूप आलो. ह्यांची साखर आटोक्यात आहे, माझे गुडघे चालतायत. तब्येतीचं एवढंच.

आता मुद्द्याचं. हे म्हणतायत, सांगलीचं गावभागातलं घर विकायचं नाही. नुसतं विकायचं नाही असं नव्हे, परत तिथे राहायला जायचं. हो, हेच. सांगलीहून येताना गाडी कृष्णेच्या पुलावर आली की पेपर तोंडासमोर धरणारा माणूस. इसार घेऊन झालाय, दिवाळीनंतर खरेदीखत ठरलंय, अमोलने सगळी कागदपत्रं जमवलीत, आणि हे बोटीच्या डेकवर मला सांगतात, "मंदा, आपण परत जाऊ." हे तुझ्याखेरीज कुणाला सांगू? 2019 च्या पुराच्या त्या आठवड्यात विश्रामबागेत तुझ्या दिवाणखान्यात आम्ही कसे होतो, ते तूच पाहिलंयस.

नदीवरच्याच सहलीला का गेलात म्हणशील. मला युरोप बघायचा होता, पण रोज पहाटे उठून बॅगा भरायच्या, बसमध्ये बसायचं, संध्याकाळी नवं हॉटेल, हे आता होत नाही. समुद्रातल्या जहाजावर मला उलट्या होतात, रत्नागिरीच्या लाँचमध्ये माझं काय झालं होतं ते तुला माहीतच आहे. नदीच्या बोटीत बॅग एकदाच उघडायची, कपाटात कपडे लावायचे, रोज सकाळी खिडकीबाहेर नवं गाव. ह्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला जायचंय ना, मग चल." त्यापुढे एक शब्द नाही. मला वाटलं, पूर्ण प्रवासभर हे पडदे ओढून बसणार.

म्हणून केबिन निवडताना मी फार विचार केला. सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या केबिन स्वस्त असतात, पण त्यांची खिडकी लहान, वर, न उघडणारी, आणि पाणी जवळजवळ तिच्याखालीच. रात्री जाग आली आणि काचेला लागून पाणी दिसलं तर ह्यांचं काय होईल? मधल्या मजल्यावरची घेतली, सरकत्या दाराची आणि कठड्याची. अमोल म्हणाला, "आई, झोपायलाच तर जायचंय." त्या ऑगस्टमध्ये तो बंगळुरात होता. त्याला काय कळणार?

महिन्याचंही तसंच. 2022 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं होतं की खाली सर्बियात दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जर्मन जहाजं वर आली होती. गेल्या वर्षीच्या, 2024 च्या सप्टेंबरात उलट, ऑस्ट्रियात इतका पाऊस की बोटी व्हिएन्नात अडकून पडल्या. पाणी चढलं की बोट पुलाखालून जात नाही, उतरलं की तळ टेकतो. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यांना हे सांगायची गरज नव्हती. गणपती झाल्यावरचे दिवस घेतले आणि देवाची कृपा, पाणी बेताचं मिळालं.

म्युनिकहून आगगाडीने सव्वादोन तासांत पासाऊ. इथून बोट सुटते. शैला, हे गाव तुला दाखवायला हवं होतं. तीन नद्या एकत्र येतात: डॅन्यूब, इन आणि छोटी इल्झ. इनचं पाणी आल्प्समधल्या गाळाने फिकट हिरवं, इल्झचं काळं, आणि टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग बराच वेळ वेगवेगळे वाहताना दिसतात. मी म्हणाले, हे तर आपलं हरिपूरच, कृष्णा-वारणेचा संगम. हेही हसले. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर आपल्या दोघींना ह्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि आधी तुझंच नाव विचारलं होतं, हे अजूनही कबूल करत नाहीत.

तिथून जुन्या टाऊन हॉलपाशी आलो. त्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात. प्रत्येक खुणेपुढे वर्ष. 1954 ची डोक्याच्या कितीतरी वर. त्याच्याही वर 2013 ची, त्या वर्षी पाणी 12.89 मीटरला गेलं होतं. आणि सगळ्यात वर 1501. पाचशे वर्षं त्या खुणेला कुणी गाठलं नव्हतं, 2013 नेही नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते, आता चेहरा उतरेल, आपण निघू या म्हणतील. पण हे तिथून हलेचनात. खिशातून वही काढली आणि सगळी वर्षं, सगळे आकडे उतरवून घेतले. मग बोळातल्या एका कापडाच्या दुकानात शिरले. मला वाटलं, माझ्यासाठी काही घेतायत. ते विजेची बटणं बघत होते. दुकानातली सगळी बटणं छातीच्या वर बसवलेली, खाली भिंतीला नुसता चुना. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना कळलं हे काय बघतायत ते. त्यांनी दारावर हात उंच करून दाखवला, इथपर्यंत. मग वरच्या मजल्याकडे बोट केलं, की राहते तिथे. ह्यांनी मोबाइलवरून सांगलीच्या आयर्विन पुलाचा फोटो काढून दाखवला, 2019 चा, पाणी 57 फुटांवर होतं तेव्हाचा. त्या बाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि ह्यांच्या दंडावर हात ठेवला. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

मला तेव्हाच समजायला हवं होतं, असं तू म्हणशील. मला तेव्हा फक्त बरं वाटलं.

त्यानंतर हे वेगळेच झाले. पहाटे उठून डेकवर. डॅन्यूबवर काठाने किलोमीटरचे फलक आहेत आणि ते समुद्रापासून वर मोजलेत, म्हणजे आपण खाली जातो तसा आकडा कमी होतो. पासाऊ 2226, व्हिएन्ना 1929, बुडापेस्ट 1647. ह्यांच्या वहीत सगळे. आणि लॉक! ऑस्ट्रियात वीजनिर्मितीचे बंधारे ओळीने बांधलेत आणि प्रत्येकाशेजारी बोटीसाठी लॉक. बोट आत शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी सोडतात आणि अख्खी बोट भिंतीच्या कडेने खाली खाली उतरते. आमची बोट 11.4 मीटर रुंद, लॉक 24 मीटरचं, त्यात शेजारी तसलीच दुसरी बोट. उरलेली जागा किती ते तूच काढ, गणित तुझा विषय. आमच्या दारासमोर ओल्या काँक्रीटची भिंत सरकत वर गेली, तिला हिरवं शेवाळं, पाण्याचे ओघळ, आणि तोच वास. ओल्या भिंतीचा. माझ्या पोटात गोळा आला. मी आत जाऊन पलंगावर बसले आणि मला ब्रह्मनाळला पुरात होडी उलटल्याची बातमी आली तो दिवस आठवला. आदल्याच दिवशी आपल्या माडीच्या गॅलरीतून मला होडीत उतरवलं होतं. आणि हे कठड्याला टेकून मोठ्याने मला सांगतायत, "अगं, किती सफाईने उतरवतात बघ!"

इथे मला कळलं शैला, की ह्यांची भीती गेली, माझी होती तिथेच आहे. इतकी वर्षं मी ह्यांचीच काळजी करत बसले होते.

मधला वाखाऊचा भाग तर डोळ्यांत मावत नाही. मेल्कचा पिवळा मठ खडकावर, मग द्राक्षांचे मळे, दगड रचून केलेल्या पायऱ्यांवर चढत गेलेले. तोडणी चालली होती. ड्युर्नश्टाइनला वर पडका किल्ला आहे, तिथे इंग्लंडच्या रिचर्ड राजाला 1192 साली कैदेत ठेवलं होतं. मी वर चढले नाही, खाली जर्दाळूचा जॅम घेतला, तुझ्यासाठी बाटली ठेवलीय. ह्या टप्प्यावर बंधारा नाही, नदी मोकळी वाहते. बांधणार होते, पण लोकांनी होऊ दिला नाही. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्गला तर 1984 च्या डिसेंबरात माणसं थंडीत जंगलात तंबू ठोकून बसली आणि बंधारा थांबवला. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. हे माझ्या पाटबंधारेवाल्या नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, हे लक्षात घे. त्याच नवऱ्याने तुझ्या तात्यांशी अलमट्टी धरणावरून जेवणाचं ताट बाजूला सारून वाद घातला होता!

व्हिएन्नात सगळे राजवाडे बघायला गेले, आम्ही बेट बघायला. शहराने पुरासाठी नदीला शेजारीच दुसरं पात्र खणून दिलंय, 1972 ते 1988 एवढी वर्षं काम चाललं. खणलेल्या मातीचं मध्ये 21 किलोमीटर लांब बेट झालं. एरवी त्या पात्रात पाणी संथ, लोक पोहतात, सायकली फिरवतात. पूर आला की दरवाजे उघडायचे. सेकंदाला 14,000 घनमीटर पाणी जाईल एवढी तयारी, म्हणजे ती 1501 ची खूण धरून. हे एका बाकावर बसले आणि म्हणाले, "इथे पुराला जागा ठेवलीय. आपण नदीची जागा घेतली आणि वर तिलाच शिव्या देत पळून आलो." त्या रात्री डेकवर ते परत जायचं बोलले.

आणि मला तू आठवलीस. 2019 च्या त्या डिसेंबरात तू ह्यांना तोंडावर म्हणाली होतीस, "नदीला दोष देऊन पळताय." मी तुझ्याशी किती महिने बोलले नव्हते! आणि शैला, माझं मत आजही तेच आहे. चिखल काढून घरी आलेल्या माणसाला तसं बोलू नये. तुझं म्हणणं बरोबर असो की चूक.

बुडापेस्टला बोट मुद्दाम रात्री शिरते. पार्लमेंटवर सोनेरी दिवे, साखळी पूल, सगळे डेकवर गारठून उभे. सुंदरच. पण दुसऱ्या दिवशी काठाने चालत गेलो तिथे लोखंडी बूट ठेवलेत, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. 1944-45 च्या हिवाळ्यात ज्यूंना बूट काढायला लावून काठावर गोळ्या घातल्या आणि नदीत लोटलं. 2005 साली हे स्मारक केलं. मी तिथे आपलं काही आठवू दिलं नाही. आपलं पुराचं दुःख त्याच्या शेजारी ठेवायचं नसतं.

आता ह्यांचा बेत ऐक. तळमजला रिकामा ठेवायचा, मीटर आणि बोर्ड वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर माडीवर, आयर्विन पुलाशी पाणी 40 फुटांना आलं की सामान वर, 43 ला आपण तुझ्याकडे. हो, त्यात तूही आहेस, तुला न विचारता. नकाशा काढून झालाय. घर लाल पूररेषेच्या आत आहे, 2021 ला पुन्हा पाणी आलं, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अमोल संतापलाय. म्हणतो, "बाबा सहलीला गेले आणि डोकं फिरवून आले." त्याच्याही जिवाला घोर आहे, मला त्याचा राग येत नाही.

माझं काय ते मला कुणी विचारत नाही. मला घर हवंय. तुळशीपाशी उभं राहिल्यावर गणपतीच्या देवळातली घंटा ऐकू यायची, ती हवीय. इथे सातव्या मजल्यावर मला सकाळ झालेली कळत नाही. पण तो होडीत पाय टाकायचा क्षण पुन्हा येणार असेल, तर सत्तरीत मला तो झेपायचा नाही. हे ह्यांना सांगितलं तर लगेच नकाशा गुंडाळून ठेवतील, माझ्यासाठी. मग पुन्हा पेपर तोंडासमोर. तेही मला बघवणार नाही. एवढ्या वर्षांनी माणूस हसलाय.

म्हणून तू ये. घेणाऱ्यांना दिवाळीच्या पाडव्यापर्यंत सांगावं लागेल. साठेखत नोंदवलेलं नाही, नुसती इसारपावती आहे, पैसे परत करता येतील असं वकील म्हणाले. ह्यांच्यासमोर बसून तू मला विचार की मंदा, तुला काय हवंय. तू विचारलंस तर मी खरं बोलेन, आणि तुझ्यासमोर ते ऐकूनही घेतील.

तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं? सुनेचे दिवस नीट जातायत ना? डोहाळजेवणाची तारीख कळव. तात्यांना सांग, जहाजावर रोज सूप मिळालं आणि रोज त्यांची आठवण निघाली.

वाट बघते.

तुझी,
मंदा

ता.क. तुम्ही दोघं जाणार असाल तर: ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे व्हिसाचा अर्ज, आमचा ऑस्ट्रियाकडे केला होता. सहा महिने आधीपासून करता येतो, लवकर कर. विमा 30,000 युरोंचा लागतो. शाकाहाराचं आरक्षण करतानाच लिहून दे. भडंग आणि मेतकूट ने, तूप नको, दुधाचे पदार्थ तिथे आत नेऊ देत नाहीत. आणि तात्यांना खालच्या मजल्यावरची केबिन घेऊ देऊ नकोस, ते स्वस्त बघून तीच घेतील.