बॅट दाराआड टाकणाऱ्यांसाठी

संपादक साहेब,
परवा भाचा टिळकवाडीहून क्रिकेट खेळून आला आणि चिखलानं भरलेली बॅट तशीच दाराआड टाकून मोबाईल घेऊन बसला, तेव्हा मला जपानचा इचिरो सुझुकी आठवला. बेसबॉल आपल्या बेळगावात कोण बघतंय ओ, पण हा माणूस बघण्यासारखा. लहानपणापासून वडिलांबरोबर प्रॅक्टिस, जपानात नाव कमावून 2001 ला अमेरिकेत सिएटल मरीनर्स या संघाकडं गेला, तिथल्या आडदांड गड्यांपुढं हा आपला सडपातळ. 2004 ला त्यानं एका सीझनमध्ये 262 हिट (म्हणजे चेंडू मारून बाद न होता बेसवर पोचणं) मारल्या, जॉर्ज सिसलरचा 257 चा रेकॉर्ड 1920 पासून होता, तो गेला! सलग 10 सीझन 200 किंवा जास्त हिट. आणि एवढा स्टार, तरी आपला ग्लोव्ह आपणच पुसायचा, बॅट दमट हवेत खराब होऊ नये म्हणून खास पेटीत. 45 व्या वर्षापर्यंत खेळला. 2025 ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे मतदानानं निवडलेल्या थोर खेळाडूंच्या यादीत, एक मत कमी पडलं नाहीतर शंभर टक्के (ते एक मत कुणाचं देव जाणे).
भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, मामा, त्याला बेळगावचा पाऊस कुठं होता. बॅट अजून दाराआडच आहे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव