ब्रेसलेटची मागची बाजू पाहायला शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आजीच्या ब्रेसलेटविषयी आपण जे सविस्तर उत्तर पाठवलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच की, नाव किंवा शिक्का नसलेला जुना खोटा दागिना ज्यांच्या हाती येतो, त्यांनाही आपली पद्धत उपयोगी पडावी.

मी आपल्याला फक्त समोरून काढलेले छायाचित्र पाठवले होते आणि सोबत 'हे १९४०च्या दशकातले आहे' असे ठासून लिहिले होते. आपण त्यावर काहीच न बोलता मागच्या बाजूची, भिंगातून टिपलेली छायाचित्रे मागवलीत. खरे सांगायचे तर मला ते जरा विक्षिप्तपणाचे वाटले. मग आपले उत्तर आले आणि पहिल्याच परिच्छेदात माझा दशकाचा दावा निकालात निघाला: कडेच्या बारीक खड्यांवर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी जी सप्तरंगी झाक आहे, ती 'अरोरा बोरियालिस' नावाच्या मुलाम्याची असून, स्वारोव्स्की या काचेचे खडे बनवणाऱ्या कंपनीने तो १९५०च्या दशकाच्या मध्यावर फॅशन डिझायनर क्रिश्चन दियोर यांच्या सहकार्याने आणला, त्यामुळे ब्रेसलेट त्याआधीचे असूच शकत नाही.

त्यानंतर आपण मला मागची बाजू दाखवलीत. पाच मोठ्या कड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या लांबट खड्यांची पाठीमागून उघडी असलेली कोंदणे, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पसरून थिजलेला डाख, म्हणजे सांधा जोडणारा वितळवलेला धातू. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला कधी दिसले नव्हते. यातली एकेक खूण वेगळी धरली तर तिला फारसा अर्थ नाही, कारण अनेक कारखाने खडे आणि सुटे भाग त्याच त्याच पुरवठादारांकडून घेत असत, हे आपण दोनदा बजावलेत. मात्र तिन्ही एकत्र आल्यावर त्या न्यूयॉर्कच्या डिलिझा अँड एल्स्टर या कारखान्याकडे बोट दाखवतात. १९४७ साली सुरू झालेला हा कारखाना मुख्यतः इतर व्यापाऱ्यांसाठी माल घडवत असल्यामुळे त्याच्या दागिन्यांवर त्याचे स्वतःचे नाव नसे. संग्राहक या कारखान्याच्या दागिन्यांना ज्या नावाने ओळखतात, ते 'जुलियाना' हे नाव तर १९६७-६८ च्या सुमारास केवळ कागदी लेबलांवर होते, आणि लेबल लावूनच दागिना कोण घालणार?

म्हणूनच आपण 'जुलियाना' हा शब्द वापरायला साफ नकार दिलात, याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. ते नाव ऐकायला मी किती उतावीळ होते, हे आपल्याला नक्कीच कळले असणार.

त्याच डबीतल्या कानातल्यांना मी ब्रेसलेटची जोड समजत होते. त्यांच्या क्लिपवर वर्तुळातले 'सी' हे स्वामित्वहक्काचे चिन्ह आहे, पण नाव नाही. ट्रिफारी या खोटे दागिने बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १९५५ साली न्यायालयात अशा दागिन्यांसाठी हा हक्क मिळवल्यानंतर ते चिन्ह सर्रास उमटू लागले, एवढाच काळाचा अंदाज त्यावरून बांधता येतो. ब्रेसलेटचे खडे नख्यांनी धरलेले आणि कानातल्यांचे गोंदाने चिकटवलेले असल्याने त्यांची जोडी आपण मोडलीत ती मोडलीतच.

माझ्याकडचा एक ब्रोच मी साबणाच्या पाण्यात बुडवून धुतल्याचेही आपल्याला कबूल केले होते. खड्यांच्या पाठीचा चंदेरी थर त्या पाण्याने काळवंडला आणि चार खडे कायमचे निस्तेज झाले. आपण रागावला नाहीत. कोरडा मऊ ब्रश वापरा, इतकेच लिहिलेत.

ब्रेसलेटच्या डबीत आता एक चिठ्ठी आहे: 'डिलिझा अँड एल्स्टर यांच्या घडणीशी जुळते, १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचे, उत्पादक सिद्ध नाही.' उद्या एखादा पुरावा निघाला तर खोडता यावे म्हणून, आपल्या सांगण्याप्रमाणे, ती पेन्सिलीने लिहिली आहे. कानातल्यांच्या चिठ्ठीवर सध्या फक्त '१९५५ नंतर' एवढेच आहे.

आपली कृतज्ञ,
ब्रेसलेटवाली